ट्रामाडॉल बंद केलंय, रात्री पाय स्थिर राहत नाहीत

प्रश्न:
मणक्याच्या ऑपरेशननंतर १४ महिने ट्रामाडॉल (अफूच्या गटातली वेदनाशामक गोळी) घेत होतो, शेवटी दिवसाला ३०० मिलिग्रॅम. सोमवारी एकदम बंद केलं. आज चौथा दिवस. नाक गळतंय, जुलाब, सारख्या जांभया. रात्री पायांत किडे वळवळल्यासारखं होतं. बायको पहाटे तीनला तळवे चोळत बसते. तिला बघून जास्तच रडू येतं. हे किती दिवस चालणार?

उत्तर:
दादा, मीही हे भोगलंय. माझे जुलाब, अंगदुखी आठवडाभरात ओसरली. झोप लागायला मात्र महिना गेला. मीठ-साखरेचं पाणी आणि पेज घोट घोट घेत राहा. कोमट पाण्यात पाय सोडून बसा, तेवढाच अर्धा तास सुटका.

उत्तर:
ट्रामाडॉल असं एकदम तोडायचं नसतं. ते मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करतं, म्हणून घबराट होते, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटतं. मानसोपचारतज्ज्ञाला लगेच दाखवा, ते डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. आणि कृपा करून, सहन होईना म्हणून जुना डोस स्वतःहून परत घेऊ नका. शरीराची सवय मोडली की तोच डोस श्वास मंदावू शकतो. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

प्रश्नकर्ता:
पेज पोटात टिकली. उद्या सकाळी दहाचा नंबर लावलाय. बायको सोबत येतेय.