वाळवणाची जागाही वारसाच आहे

किनाऱ्यावरचा वारसा म्हणजे जलदुर्ग आणि जुनी मंदिरे, त्यामुळे त्यांचे जतन पुरातत्त्व खात्यावर सोपवावे, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अपुरे वाटते. मुंबईतल्या वर्सोवा कोळीवाड्यात बांबूच्या वलांडींवर, म्हणजे मासळी वाळवण्याच्या मांडवांवर, बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातले जातात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची अशी जागा बाहेरून आलेल्या नगररचनाकाराला निव्वळ मोकळी जमीन दिसते, आणि धोका नेमका तिथेच सुरू होतो.

२०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी वाळवण्याच्या जागा नकाशावर दाखवाव्यात, अशी स्पष्ट तरतूद होती. पण कार्यालयात बसून केलेल्या आखणीत या जागा सहज सुटतात. म्हणूनच किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होण्याआधीच गावाने आपला नकाशा तयार ठेवायला हवा, आणि तो करताना कोळी भगिनींना आवर्जून सोबत घ्यावे, कारण वाळवण व विक्री त्यांच्याच हाती असते. जनसुनावणीत केवळ तोंडी विरोध नोंदवून भागत नाही. नगर भूमापन क्रमांक, छायाचित्रे आणि वापराचा काळ यांसह लेखी हरकत द्यावी व तिची पोच घ्यावी.