मदत हवी आहे: आर्थिक भूगोल, प्रथम वर्ष – वेबरची उदाहरणं कशी सोडवायची?

प्रश्न – पहिलंवर्ष_भूगोल

नमस्कार. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आर्थिक भूगोल आहे. वेबरचा उद्योगांच्या स्थानिकीकरणाचा सिद्धांत आणि थ्यूनेनचा शेतीचा सिद्धांत वाचून झाले, गृहीतकं पाठ आहेत. पण प्रात्यक्षिकात उदाहरण आलं की गाडी अडते. तीन शंका आहेत:

१. साखर कारखान्याचा कच्च्या मालाचा निर्देशांक काढताना पाणी आणि इंधन धरायचं का?
२. समान वाहतूक खर्चाच्या रेषा (आयसोडापेन) कागदावर नेमक्या कशा काढायच्या? पुस्तकात तयार आकृती आहे, कृती नाही.
३. थ्यूनेनच्या वर्तुळाची (बाजाराभोवतीच्या एका पिकाच्या पट्ट्याची) हद्द कोणत्या अंतरावर मारायची?

उत्तर – बांधावरून

पहिली शंका घेतो. निर्देशांक म्हणजे स्थाननिष्ठ (ठराविक ठिकाणीच मिळणाऱ्या) कच्च्या मालाचं वजन भागिले पक्क्या मालाचं वजन. जे सगळीकडे मिळतं ते वर धरायचं नाही, म्हणून पाणी बाद. इंधन मात्र वेबर कच्च्या मालातच मोजतो, कारण कोळशाचं सगळं वजन भट्टीत जातं आणि मालात काहीच उतरत नाही. साखरेत बाहेरून कोळसा आणावा लागत नाही, उसाचं चिपाडच बॉयलरमध्ये जातं. म्हणून इथे वर फक्त ऊस. महाराष्ट्रात उतारा (उसाच्या वजनातून निघणारी साखर) साधारण 10 ते 11 टक्के धरा: 10 टन उसाला 1 टन साखर, निर्देशांक 10. बाकीचं वजन म्हणजे उसातलंच पाणी (जवळपास 70 टक्के), चिपाड, मळी आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ).

नुसतं ‘निर्देशांक 1 पेक्षा जास्त, म्हणून कच्च्या मालाजवळ’ असं लिहून थांबू नका, टन-किलोमीटर मांडा. बाजार 200 किमीवर आहे आणि 100 टन साखर करायची आहे. कारखाना उसाजवळ असेल तर 100 × 200 = 20,000 टन-किमी. बाजारात असेल तर 1,000 × 200 = 2,00,000. दसपट फरक डोळ्यांसमोर आला की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

तुलनेला दोन उदाहरणं जवळ ठेवा. सिमेंट: 1 टनाला साधारण दीड टन चुनखडी, म्हणून चंद्रपूरच्या चुनखडीच्या पट्ट्यात कारखाने. शीतपेय: वजन मुख्यतः पाण्याचं, बाहेरून आणायची ती साखर आणि अर्क. निर्देशांक 1 च्या खूप खाली, म्हणून बाटल्या भरायचं काम शहराजवळ. कापूस यात मुद्दाम घ्या: गाठीचं वजन आणि सुताचं वजन जवळपास सारखंच, निर्देशांक 1 च्या आसपास. अशा उद्योगाला वजन बांधून ठेवत नाही, त्यामुळे कापसाच्या शिवारापासून दूर मुंबईतही गिरण्या उभ्या राहू शकल्या. तिथे बंदर, भांडवल आणि मजूर हे मुद्दे लिहावे लागतात.

आणि साखरेत वजनाइतकाच वेळ महत्त्वाचा, हे वेबरमध्ये सापडणार नाही. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, त्यामुळे तोडणीनंतर 24 तासांच्या आत तो गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकायच्या पट्ट्यावर) पडावा लागतो. दुसरं, कारखान्याची जागा फक्त खर्च ठरवत नाही. दोन कारखान्यांत किमान हवाई अंतर किती हा कायद्याचा भाग आहे: केंद्राच्या आदेशात 15 किमी, महाराष्ट्रात 25. तिसरं, वेबर मजूर एका जागी स्थिर मानतो. इथे बीड, पाथर्डीकडचे तोडणी मजूर हंगामापुरते उसाच्या पट्ट्यात येतात. ते कारखान्याचे कामगार नव्हेत, पण ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचण्याचा खर्च त्यांच्यावर अवलंबून असतो. सिद्धांताची मर्यादा विचारली तर ‘गृहीतकं अवास्तव आहेत’ यापेक्षा हे तीन मुद्दे लिहा.

उत्तर – कंपास_पेटी

दुसरी शंका. आलेख कागद, कंपास आणि सोपे आकडे घ्या. एका टन मालाला 2 टन कच्चा माल, भाडं दर टन-किमी 5 रुपये. कच्च्या मालाचं ठिकाण ‘क’ आणि बाजार ‘ब’ यांत 100 किमी. प्रमाण 1 सेंमी = 10 किमी, म्हणजे दोन बिंदूंत 10 सेंमी.

आधी दोन्हीकडचा दर किमीचा खर्च काढा. कच्चा माल 2 × 5 = 10 रुपये, पक्का माल 1 × 5 = 5 रुपये. म्हणून 100 रुपयांचं वर्तुळ ‘क’भोवती 10 किमीवर (1 सेंमी), तर ‘ब’भोवती 20 किमीवर (2 सेंमी). बहुतेक आकृत्या इथेच बिघडतात: दोन्हीकडे सारख्याच अंतराची वर्तुळं काढली की कच्च्या मालाचं जास्त वजन आकृतीत येतच नाही.

मग वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात तिथे बेरीज लिहा. ‘क’चं 300 आणि ‘ब’चं 400 छेदलं तर 700. सगळे 700 चे बिंदू हलक्या हाताने जोडा, ती झाली आयसोडापेन. सरळ पट्टीने जोडू नका, रेष बंद आणि वळणदार असते. पडताळा: ‘क’वर एकूण 500, मध्यावर 750, ‘ब’वर 1,000. किमान ‘क’वर आलं नाही तर वर्तुळं पुन्हा तपासा.

मजुरीचा प्रश्न याच आकृतीत सुटतो. ‘म’ या ठिकाणी टनामागे 200 रुपये मजुरी वाचते. किमान 500 मध्ये 200 मिळवा: 700 ची रेषा ही निर्णायक. ‘म’ तिच्या आत असेल तर कारखाना हलतो. ‘म’ हे ‘क’पासून 15 आणि ‘ब’पासून 105 किमी असेल तर 150 + 525 = 675. वाहतूक 175 ने वाढली, मजुरी 200 ने वाचली, निव्वळ फायदा 25. आकृतीखाली ही बेरीज लिहाच, नुसत्या रेषेवर गुण मिळत नाहीत.

उत्तर – बांधावरून

तिसरी राहिली. सरावाचे आकडे: भाजी हेक्टरी 20 टन, खर्च वजा जाता टनाला 4,000 रुपये. धान्य हेक्टरी 3 टन, टनाला 10,000. वाहतूक दोन्हींना टन-किमी 100 रुपये. बाजारालगत भाजीचा खंड (हेक्टरमागे उरणारी रक्कम) 80,000 आणि दर किमीला 2,000 ने कमी, म्हणजे 40 किमीवर शून्य. धान्य 30,000 पासून दर किमीला 300 ने कमी, 100 किमीवर शून्य.

भाजीची हद्द 40 वर मारायचा मोह होतो, ती चुकीची. दोन रेषा छेदतात तिथे हद्द: 80,000 − 2,000अं = 30,000 − 300अं, अं = सुमारे 29.4 किमी. त्यापुढे भाजीत नफा आहे, पण धान्यात जास्त आहे, म्हणून जमीन धान्याकडे जाते. आलेखावर उभ्या अक्षाला खंड, आडव्याला अंतर, आणि छेदबिंदूतून खाली तुटक रेष.

पहिलंवर्ष_भूगोल

खूप आभार. मजुरी वाचणारी दोन ठिकाणं दिली आणि दोन्ही निर्णायक रेषेच्या आत आली, तर?

कंपास_पेटी

रेषा एकच धरू नका. प्रत्येक ठिकाणाची बचत वेगळी असेल तर निर्णायक रेषाही वेगळी. दोन्हींसाठी ‘मजुरीची बचत वजा वाहतुकीची वाढ’ काढा, जास्त उरेल ते ठिकाण.