इटलीच्या प्राडा या फॅशन ब्रँडने कोल्हापुरी चप्पल उचलली याचा राग नाही, नाव गाळलं याचा आहे. तुमचं मत काय?

नऊवारी_आणि_स्नीकर्स (धागाकर्ती)

मी बावीस वर्षांची आहे आणि फॅशन मला मनापासून आवडते. मेट गालाच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या मोठ्या फॅशन सोहळ्याच्या रात्री मी जागी असते. कोणी काय घातलंय यापेक्षा ते कोणी विणलंय, त्यावर जरदोजी, म्हणजे जरीच्या तारांचं भरतकाम आहे की नुसतं प्रिंट, हे फोटो मोठा करकरून बघते. "हाच वेळ अभ्यासाला दिला असतास तर" हे वाक्य घरात रोजचं आहे. पण माझ्या लेखी हाही अभ्यासच आहे, आणि त्यातून बनलेलं एक मत इथे मांडते.

२२ जून २०२५ला मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायात सरळसरळ कोल्हापुरी होती. अंगठा, पट्टा, सगळं तेच. वर्णनात मात्र फक्त 'चामडी सँडल'. आपल्याकडे गदारोळ झाला, मग प्राडाने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य केलं की ही प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांची. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथेच बनवून घ्यायचे, साधारण आठशे युरोला एक, आणि फेब्रुवारी २०२६पासून जगभरच्या दुकानांत विकायचे.

माझं म्हणणं असं, की मोठ्या डिझायनरने आपली वस्तू उचलली यात अपमान नाही. नाव गाळलं, तो अपमान. ते घ्यायला लावलं तर हाच ट्रेंड आपल्या कामाचा. आलियाने २०२४च्या मेट गालात डिझायनर सब्यसाचीची साडी नेसली तेव्हा ती घडवणाऱ्या १६३ जणांचा उल्लेख झाला. एका साडीमागे एवढे हात असतात हे त्या रात्री किती तरी मुलींना पहिल्यांदा कळलं असेल. हातमाग प्रदर्शनाच्या पत्रकातून ते कधी कळलं नसतं.

म्हणून सेलिब्रिटी फॅशनला थिल्लर म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचाय. बोला.

---

कापशीवाले

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या चपला होतात, म्हणून लिहितो. राग मानू नका.

नाव घेतलं की काम मिळतं, हे तुम्ही धरून चाललाय. चप्पल कोणाच्या पायात दिसली यावर आमची चूल पेटत नाही, कातडं काय भावानं मिळालं यावर पेटते. म्हशीचं कातडं चुन्यात, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमवायचं, त्याला आठवडे जातात. ते करणारी घरं कमी झाली. तळ कापायचा, थर चढवायचे, ठोकून बसवायचे, दोन्ही बाजूंना कान शिवायचे, सगळं चामड्याच्या वादीनं किंवा दोऱ्यानं, खिळा कुठंच नाही. पट्ट्यावरची वेणी घरातल्या बायका घालतात. तिचा पदर सारखा ओढला गेला नाही तर पट्टा चार दिवसांत सैल होतो. त्या बाईचं नाव प्राडा सोडा, कोल्हापुरातल्या चप्पल लाईन बाजारातला दुकानदारसुद्धा घेत नाही.

आणि ट्रेंड आला की पहिला धंदा कोणाचा होतो? रेक्झिनच्या चपलांचा. त्या जून-जुलैत चौकशा आम्हालाही आल्या, खोटं कशाला बोलू. पण हजार-दीड हजार ऐकलं की माणूस म्हणतो, तिकडं तीनशेला मिळते. ती तीनशेची 'कोल्हापुरी' मोल्डिंगची असते. नाव आमचंच घेतलंय की त्यांनी. नावानं काय मिळालं?

---

शिवणटिपण

मी गेली बरीच वर्षं ब्लाऊज आणि लग्नाचे कपडे शिवते, मला सेलिब्रिटी ट्रेंड रोज दुकानात भेटतो. मोबाईलच्या स्क्रीनशॉटच्या रूपात.

अनुष्काने डिसेंबर २०१७मध्ये इटलीत फिकट गुलाबी लेहेंगा घातला, त्यानंतरच्या लगीनसराईत लाल रंग मागणारी नवरी कमी झाली. रंगाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की तो लेहेंगा हाताच्या कामाचा आणि आमच्याकडे मागणी असते 'सेम टू सेम, पण बजेटमध्ये'. मग सुरतेचं मशीन एम्ब्रॉयडरीचं कापड येतं, एका लग्नात टिकल्या गळतात आणि कपडा कपाटात जातो. त्याच पैशात चांगली इरकल आली असती, नारायणपेठ आली असती, खणाची चोळी शिवून झाली असती. हे सुचवलं की मुलगी आईकडे बघते आणि आई म्हणते, "काकू, फोटोत ते उठून दिसत नाही हो."

तुझा उत्साह मला आवडला, बाळा. पण तुझी आलिया आणि तुझी अनुष्का एकाच गाडीतून येतात. एक कारागीर दाखवते, दुसरीची नक्कल त्याचं काम खाते. तू फक्त पहिलीबद्दल लिहिलंस.

---

नऊवारी_आणि_स्नीकर्स

काकू, अनुष्काचं उदाहरण पूर्ण करू दे. त्याच लग्नाच्या दिल्लीच्या रिसेप्शनला ती लाल बनारसी साडीत होती. तिची नक्कल केली असती तर विणकरालाच काम मिळालं असतं. लोकांनी लेहेंगा उचलला आणि साडी सोडली, ही निवड आपली. आणि आलियाने एप्रिल २०२२मध्ये लग्नात नेसलेली साडी ऑक्टोबर २०२३मध्ये राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला पुन्हा नेसली. लग्नाचा कपडा एकदाच घालायचा असतो हे ज्यांनी शिकवलं, त्यांच्यातलीच एक ते मोडते, तेव्हा ते मोठं असतं. तुमच्या दुकानातल्या मुलीला हा फोटो दाखवून बघा ना.

दादा, तुमचं बोलणं मला लागलं, आणि त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. पण नावाने काहीच होत नाही हे मी मानणार नाही. डिऑर या फ्रेंच फॅशन घराण्याने ३० मार्च २०२३ला मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला. मागे उभं केलेलं भव्य तोरण मुंबईच्या चाणक्य स्कूलमध्ये भरतकाम शिकलेल्या बायकांनी केलेलं, आणि ते जगाला सांगितलं गेलं. दोन वर्षांनी, जून २०२५मध्ये, त्याच डिऑरने लखनौच्या मुकैश कामाचा, म्हणजे धातूच्या तारेच्या भरतकामाचा कोट पॅरिसमध्ये दाखवला आणि लखनौचं नाव घेतलं नाही. घराणं तेच. म्हणजे नाव घेणं जमत नाही असं नाही, कोणी विचारत नाही म्हणून राहतं. आम्ही फॅशनवेडे लोक विचारतो. प्राडाला पहिले प्रश्न इन्स्टावरच्या अशाच लोकांनी विचारले.

---

आरीकाम

गेटवेचं उदाहरण आलं म्हणून लिहिते. मी मुंबईत परदेशी ब्रँडसाठी भरतकाम करून देणाऱ्या एका युनिटमध्ये सॅम्पलिंगला होते. युनिटचं नाव सांगत नाही.

अड्ड्याच्या, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीच्या चारी बाजूंनी कारागीर बसलेले असतात, बहुतेक उत्तर प्रदेश आणि बंगालचे. कापड ताणून बांधलेलं. वरून आरी, म्हणजे आकड्याची सुई, खालून दुसरा हात दोरा देतो, आणि तो खालचा हात कोणाला दिसत नाही. काम इतकं बारीक की दिवसाअखेर वीतभर पुढे सरकलं तरी मुकादम खूश. तयार तुकडा बाहेर गेला की त्यावर 'मेड इन इटली' किंवा 'मेड इन फ्रान्स' लागायचं, कारण शेवटची शिलाई तिथे व्हायची. यात कायद्याने चूक काही नाही.

तुझा मुद्दा मला अर्धाच पटतो. श्रेय मिळालं तरी ते संस्थेला मिळतं, डिझायनरला मिळतं. १६३ लोक हा आकडा आहे, १६३ नावं नाहीत. मला एका तरी रेड कार्पेटच्या पोस्टमध्ये कारागिराचं पूर्ण नाव बघायचंय, जसं मेकअप आणि हेअर करणाऱ्याचं न चुकता असतं. ते झालं की मी तुझ्या बाजूने.

---

म्युनिकहून

मी धागाकर्तीच्या बाजूने, आणि कारण किंमत. आठशे युरो ऐकून आपल्याकडे लोक खवळले, मला उलट बरं वाटलं. इथे हाताने शिवलेल्या बुटाला लोक तेवढे देतात आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. कोल्हापुरीला मात्र आपण दीडशे रुपयांसाठी घासाघीस करतो. माझे नातेवाईक कोल्हापूरच्या महाद्वार रोडला करतात, मी स्वतः बघितलंय. वस्तू महाग असू शकते, हे बाहेरच्याने दाखवून दिलं तर बिघडलं कुठे?

---

कापशीवाले

घासाघिशीचं खरं बोललात साहेब.

पण आठशे युरोतले कारागिराच्या हातात किती, हे कोणी सांगितलंय का? मी विचारतोय, टोमणा नाही. दोन हजार जोड म्हणजे किती? जीआय, म्हणजे 'कोल्हापुरी' हे नाव ठरावीक भागातल्या मालालाच लावायचा हक्क, मिळालंय आठ जिल्ह्यांना. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. वाटणीला एका गल्लीत किती येतील ते बघा. प्रशिक्षण देणार म्हणतात, ते झालं तर चांगलंच. माझा धाकटा भाऊ धंद्यात यायला तयार नाही. त्याला प्राडानं शिकवलं तर येईल का, तेही बघू.

---

नऊवारी_आणि_स्नीकर्स

दादा, जीआयचं तुम्ही काढलंत ते महत्त्वाचं आहे, कारण इथे बऱ्याच जणांचा समज आहे की २०१९मध्ये जीआय मिळालं म्हणजे प्राडावर खटला सहज जिंकता आला असता. जीआय 'कोल्हापुरी' या नावाचं रक्षण करतं, चपलेच्या घाटाचं नाही. प्राडाने नावच वापरलं नव्हतं. शिवाय ती नोंदणी भारतातली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली होती, ती जुलै २०२५मध्ये फेटाळली गेली, कारण जीआयचे नोंदणीकृत मालक ही महामंडळं, याचिकाकर्ते नव्हेत.

म्हणजे नाव गाळल्यामुळेच ते कायद्यातून सुटले! म्हणून मी नावाला इतकी चिकटून आहे. आणि तुमच्या रेक्झिनवाल्यांनी नाव वापरलंय, त्यांच्यावर जीआयखाली कारवाई होऊ शकते. महामंडळांनी इटलीशी करार केला तशी आपल्या फुटपाथकडेही नजर टाकावी, ही मागणी मी आता मूळ मुद्द्यात जोडते.

आरीकाम, तुमची अट मला मान्य आहे. मेकअपवाल्याचं नाव असतं, मग कारागिराचंही हवं. यापुढे ज्या-ज्या पोस्टखाली ते नसेल तिथे मी विचारणार.

---

शिवणटिपण

विचार, जरूर विचार. तरी माझं मत हलत नाही. आलियाने साडी पुन्हा नेसली त्याची बातमी होते, आमच्या आयांनी लग्नातला शालू तीस वर्षं नेसला त्याची झाली नाही. मला मुलींनी आईच्या कपाटाकडे आधी बघायला हवंय, इन्स्टाकडे नंतर. जुना शालू घेऊन ये, मी त्याचा लाँग जॅकेट शिवून देते. काठ कुठे ठेवायचे ते तू ठरव.

---

नऊवारी_आणि_स्नीकर्स

काकू, आणतेच! दादा, एक शेवटचं. कोल्हापूरला येणार आहे. खरी कशी ओळखायची?

---

कापशीवाले

वास घ्या आधी. हिरड्यात कमावलेल्या कातड्याला वेगळा वास असतो, रंगाचा उग्र वास आला तर ठेवा खाली. कडेनं बघा, थर दिसले पाहिजेत आणि शिलाई दिसली पाहिजे. तळाला खिळा किंवा रबराचा पत्रा असेल तर आमची नव्हे. कान ओढून बघा, दुकानदार ओरडला तर दुसरीकडं जा. पहिले काही दिवस टोचणार, तेल पाजा, पायाचा आकार घेते. पावसात घालू नका.

आणि चप्पल लाईनमध्ये घेण्यापेक्षा सुभाषनगरात या, बनवणाऱ्याकडनं घ्या. त्याचं नाव विचारा आणि फोटोखाली लिहा. प्राडाचं मला अजून पटलेलं नाही, तीन वर्षांनी परत विचारा.