‘सिस्टेमिक रेसिझम’ मराठीत कसं लिहायचं?

विचारणा: पोलिस आणि वस्तीची सुरक्षा यांवर आमच्या सोलापूरच्या अभ्यासगटासाठी टिपण लिहितेय. त्यात ‘सिस्टेमिक रेसिझम’ अडलाय, म्हणजे एखाद्या माणसाच्या नव्हे तर यंत्रणेच्याच रीतीतून वंशावरून किंवा रंगावरून होणारा भेदभाव. ‘वर्णभेद’ लिहिलं की वाचणारा चातुर्वर्ण्याकडे जातो. ‘वंशवाद’ म्हटलं तर घराणेशाही वाटते. आणि ‘सिस्टेमिक’ला संस्थात्मक, व्यवस्थात्मक की प्रणालीगत?

प्रतिसाद: प्रणालीगत नकोच, संगणकाचं माहितीपत्रक वाटतं. ‘वंशभेद’ घ्या. ‘संस्थात्मक’ला मात्र इतिहास आहे. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा लंडनमध्ये १९९३ साली खून झाला. त्या तपासावरच्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलिसदलाला संस्थात्मक वंशभेदाचा दोष दिला, आणि त्यात नकळत बाळगलेले पूर्वग्रहही धरले. २०२३ च्या केसी अहवालानेही तेच म्हटलं. तेव्हा आयुक्त मार्क रौली यांनी निष्कर्ष मान्य केले, पण ‘संस्थात्मक’ हा शब्द वापरायला नकार दिला. एका विशेषणाची एवढी धास्ती!

प्रतिसाद: ताई, सोलापुरात बसून हा शब्द बाहेर कशाला शोधताय? सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. तारेच्या कुंपणातली ती सेटलमेंट, म्हणजे सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवायची वसाहत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची चाल अशी, की जमात एकदा यादीत आली की माणसाने काही केलंय का हे विचारायचंच नाही. नाव रजिस्टरात, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचं तर पास. इथल्या गिरण्यांना त्यातून मजूरही मिळाले. हजेरी घेणारा जमादार स्वभावाने देवमाणूस असता तरी रजिस्टर तेच राहिलं असतं. म्हणून मी ‘व्यवस्थेतला’ म्हणेन.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, लोक ‘विमुक्त’ झाले. पण १९५९ चा मुंबईचा हॅबिच्युअल ऑफेंडर्स ॲक्ट, म्हणजे सराईत गुन्हेगारांचा कायदा, आला आणि ‘सराईत’ शब्दाने जागा घेतली. सराईत कारागीर म्हटलं तर कौतुक. सराईत गुन्हेगार म्हटलं की चौकशीआधीच निकाल. बातमीत ‘रेकॉर्डवरचा’, ‘संशयावरून उचलला’ हे इतकं सहज येतं, की उचलला कशावरून हे कुणी विचारत नाही. (‘उचलला’ हे क्रियापद सामानाला लावायचं, हेही आपण विसरलो.) सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या तुरुंगांतल्या जातिभेदावरच्या निकालात पोलिसांनी विमुक्तांना मनमानी अटक करू नये असं बजावलंय. टिपणात तो घ्याच.

प्रतिसाद: शीर्षकात ‘सुरक्षा’ आहे ती बदला. सुरक्षा म्हटलं की बंदोबस्त, नाकाबंदी, कोम्बिंग. तुम्हाला ‘सुरक्षितता’ म्हणायचंय, म्हणजे रात्री दार वाजलं तरी घरातल्यांच्या पोटात गोळा न येणं.

विचारणा: सगळ्यांचे आभार. ‘पोलिसव्यवस्थेतला वंशभेद आणि वस्तीची सुरक्षितता’ असं ठेवते. ‘रेशिअल प्रोफायलिंग’ राहिलं. ‘जात पाहून झडती’ चालेल?

प्रतिसाद: विमुक्तांवरच्या भागात चालेल. लंडनच्या भागात ‘रंग पाहून’ लिहा.