सहा वर्षांच्या आतल्या मुलांना ‘मेंदू विकास’ वर्गाला घालावे का?

बालवाडीच्या बाई, जुळे सोलापूर:

गेल्या आठवड्यात आमच्या भागात वर्तमानपत्रासोबत एक पत्रक घरोघरी आले. चार ते सहा वर्षांच्या मुलांचा ‘मधला मेंदू जागृत’ करून देऊ, डोळ्यांवर पट्टी बांधूनही मूल रंग ओळखेल आणि अक्षरे वाचेल, शिवाय सोबत अबॅकस (मणी सरकवून हिशेब करण्याची चौकट), असा त्यातला दावा होता. आणि अगदी वर ठळक अक्षरांत ‘मेंदूचा 85 टक्के विकास सहा वर्षांच्या आत, आता नाही तर कधीच नाही’ असे छापले होते. माझ्या वर्गातल्या काही पालकांनी ते दाखवून मत विचारले, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे मत स्पष्ट आहे: घालू नका. मध्यमेंदू प्रत्येक मुलात जन्मापासून काम करतच असतो, डोळ्यांच्या हालचाली आणि आवाजाच्या दिशेने वळणे ही त्याचीच कामे आहेत, आणि त्याला बाहेरून कोणी जागे करावे लागत नाही. डोळ्यांवर पट्टी असताना मुले वाचतात ती नाकाजवळच्या फटीतून खाली पाहून. पाच वर्षांचे लेकरू मोठ्यांच्या टाळ्या मिळाव्यात म्हणून खोटे वागायला शिकते, हे मला सर्वांत जास्त खुपते.

85 टक्क्यांचा आकडा 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे, हे खरे. ‘कधीच नाही’ ही भीती मात्र पत्रक काढणाऱ्यांनी पदरची घातलेली आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो, चेतापेशींमधले जोड भराभर तयार होतात, आणि पुढे जे जोड वापरात राहतात ते पक्के होऊन उरलेले गळून जातात. नियोजन आणि संयम यांचे काम पाहणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत राहतो. हे जोड पक्के होतात ते मूल काही बोलले की त्याला कोणीतरी उत्तर दिल्याने, धावण्या-चढण्याने, पोटभर झोपेने आणि अंगात पुरेसे रक्त असल्याने. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान तीन तास हालचाल, 10 ते 13 तास झोप आणि पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास असे प्रमाण सांगितले आहे. संध्याकाळी साडेसहाला वर्ग, त्याचा गृहपाठ, नऊला जेवण, अकराला झोप आणि सकाळी सातला दारात रिक्षा, या दिवसात दहा तासांची झोप कुठे बसते ते पालकांनी मोजून पाहावे.

टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड:

बाई, पट्टीच्या दाव्याबद्दल माझे दुमत नाही. परंतु त्या एका भोंदू दाव्याबरोबर तुम्ही सगळेच वर्ग निकालात काढलेत, ते मला पटत नाही. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि अबॅकसला जाते. पूर्वी ती एका जागी ठरत नसे; आता मणी सरकवत, ओठ हलवत ती एकाच पानावर रमून जाते आणि मंडईत भाजीवालीच्या आधी बेरीज सांगते. वडोदऱ्याच्या एका शाळेत मुलांचे दोन गट पाडून तीन वर्षे याचा प्रयोग झाला आणि 2016 मध्ये तो प्रसिद्ध झाला. मनातल्या मनात मणी सरकवून हिशेब करायला शिकलेल्या मुलांचे गणित दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेले आढळले.

दुसरे असे की, मुलांशी बोला असे तुम्ही म्हणता, पण बोलायचे कोणी? मी कारखान्यात, पत्नी बँकेत, दोघेही सकाळी नऊला घर सोडतो ते रात्री आठला परततो. तेवढा वेळ मुलगी मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा, तिच्याकडे लक्ष देणाऱ्या शिक्षिकेसमोर बसलेली मला हवी आहे. ज्यांच्या घरी दुपारी मोठे माणूस असते त्यांनी आम्हाला अपराधी ठरवू नये.

अंगणवाडी सेविका, कुंभारी:

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या आया घरी बिड्या वळतात. वर्गाला घालावे की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे येतच नाही, कारण तेवढे पैसे नाहीत. तरी लिहिते, कारण वेळ नसलेली आई काय करू शकते हे मी रोज पाहते. एक आई सूप मांडीवर घेऊन पाने कापते, वळते, दोरा बांधते, आणि हात न थांबवता उंबऱ्याशी बसलेल्या तीन वर्षांच्या लेकाला विचारते, ‘मोठं पान कुठलं? बारकं कुठलं? आता जुडीत किती झाल्या?’ तो चुकतो, ती हसते आणि पुन्हा मोजायला लावते. या बोलण्यासाठी तिला वेगळा वेळ काढावा लागत नाही. (तंबाखूची धूळ त्याच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून मुलाला सुपापासून लांब बसवा, असे आम्ही प्रत्येक गृहभेटीत सांगतो, एका खोलीच्या घरात ते सगळ्यांना जमत नाही आणि त्याची मला फार काळजी वाटते.)

प्रशिक्षणात आम्हाला जमैकातील एका अभ्यासाची माहिती दिली होती. 1980 च्या दशकात तिथल्या आरोग्यसेविका दर आठवड्याला वाढ खुंटलेल्या बाळांच्या घरी जात, घरातल्याच वस्तूंची खेळणी करत आणि आईला बाळाशी खेळायला-बोलायला शिकवत. हे दोन वर्षे चालले. ती बाळे 22 वर्षांची झाली तेव्हा, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची कमाई सुमारे 25 टक्के जास्त होती. त्या सेविका काही मानसशास्त्रज्ञ नव्हत्या, आमच्यासारख्याच वस्तीतल्या बायका होत्या.

रक्ताबद्दल बाईंनी एका शब्दात आटोपले, पण माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय आहे. लोह कमी पडले तर मेंदूतल्या तंतूंवरचे आवरण नीट तयार होत नाही, मूल मलूल राहते आणि त्याचे लक्ष टिकत नाही. आपल्याकडे सकाळी लेकराच्या हातात चहा आणि खारी दिली जाते, आणि जेवणाच्या आगेमागे घेतलेल्या चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. चहा बंद करावा, भाकरीबरोबर मेथी-शेपूची भाजी द्यावी, वर लिंबू पिळावे, आणि आठवड्यातून दोनदा लोहाचे जे सिरप मिळते ते कपाटात ठेवून देऊ नये.

तेलुगू घरातली आई, अशोक चौक:

आमच्या घरी सगळे तेलुगू बोलतो. शाळेच्या मुलाखतीत मला सांगण्यात आले की घरी तेलुगू बंद करून इंग्रजी बोला, नाहीतर मुलाच्या मेंदूवर ताण येईल. तेव्हापासून मी त्याच्याशी तुटक इंग्रजीत दोन-तीन वाक्ये बोलते आणि गप्प होते. हे योग्य आहे का?

आजोबा, होटगी रोड:

इंग्रजीचे राहू द्या, पण मराठी तरी घरी सुरू करावी असे माझे मत आहे. पहिलीत गेल्यावर वर्गात काय चालले आहे ते न कळणारी पोरे मागे बसतात, आणि एकदा मागे बसलेले पोर पुढे येत नाही, हे मी शाळेतल्या नोकरीत पाहिलेले आहे.

बालवाडीच्या बाई, जुळे सोलापूर:

ताई, तेलुगू बंद करू नका. आईला जी भाषा भरभरून बोलता येते तीच मुलाला आधी भरपूर ऐकू द्यावी. गोष्टी, भांडणे, हट्ट, कौतुक सगळे त्याच भाषेत होऊ द्यावे. लहान मूल दोन-तीन भाषा सहज पेलते आणि त्याने मेंदूवर ताण येत नाही. आजोबांची काळजी रास्त आहे, पण मराठी गल्लीत, खेळात आणि बालवाडीत मिळू शकते. आईचे गप्प होणे मात्र कशानेच भरून निघत नाही.

कारखानदार साहेब, वडोदऱ्याच्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा: मुलांचे गणित सुधारले, पण स्मरणशक्ती, तर्क यांसारख्या सर्वसाधारण क्षमतांत फरक पडला नाही. म्हणजे अबॅकसने अबॅकसचे गणित येते. ते आवडत असेल तर मुलीने जरूर करावे, फक्त पत्रकात त्याला ‘मेंदू विकास’ म्हणून विकू नये. राहिला प्रश्न बोलायचे कोणी याचा. तो खरा आहे आणि त्याचे उत्तर मी एकट्या आईवर ढकलत नाही. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातील सुधारणेपासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक आहे. तुमच्या एमआयडीसीत ते किती ठिकाणी चालते?

टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड:

आमच्यातल्या बहुतेक कारखान्यांत पंधरा-वीस माणसे असतात, त्यामुळे तो कायदा आमच्यापर्यंत पोचतच नाही. अबॅकसबद्दल माझे मत बदललेले नाही. मुलगी जात राहील, पण रविवारी सकाळच्या तुकडीत, म्हणजे तिची झोप मोडणार नाही. जमैकाच्या उदाहरणाबद्दल मात्र मला शंका आहे. तिथे एक बाई दर आठवड्याला त्याच घरी जात होती. आपल्या सेविकेच्या मागे वजन-उंची, पोषण आहार, मोबाइलवरची नोंदणी आणि वर येणारी प्रत्येक पाहणी आहे. तिने एका मुलाशी खेळत बसावे अशी अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

अंगणवाडी सेविका, कुंभारी:

कामाच्या बोज्याबद्दल तुम्ही लिहिलेले शब्दशः खरे आहे. म्हणूनच तुमच्यासारख्यांची गरज आहे. केंद्र सरकारच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमात ‘पाळणा’ नावाची योजना आहे. तिच्यात अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येते आणि त्यासाठी वेगळी कार्यकर्ती मिळते. शेजारच्या पाच-सहा कारखान्यांनी मिळून आपल्या कामगार बायकांच्या मुलांची यादी केली आणि बालविकास प्रकल्प कार्यालयात एकत्र अर्ज दिला, तर त्या मागणीला वजन येईल. यादीत वय महिन्यांत लिहावे, म्हणजे तीन वर्षांखालची मुले किती हे लगेच कळेल.