‘एक्साइट’ : उत्तेजन, उत्तेजना, चिथावणी

प्रश्न

अनुवादासाठी आलेल्या एका इंग्रजी मजकुरात ‘एक्साइट’ हे क्रियापद तीन ठिकाणी आहे: सहलीला निघालेल्या मुलांबद्दल, बातमीमुळे लोकांना वाटलेल्या कुतूहलाबद्दल आणि राजद्रोहाच्या खटल्यात. कोशात ‘उत्तेजित करणे’ सापडतं, पण तिन्ही वाक्यांत ते खटकतं. शब्द कसा निवडायचा?

उत्तर

खटकतं ते बरोबरच आहे. ‘उत्तेजन’ आणि ‘उत्तेजना’ या दोन शब्दांची मराठीत कधीच फारकत झाली आहे. मूळ धातू ‘तिज्’, म्हणजे धार लावणं. ‘तीक्ष्ण’ आणि ‘तेज’ त्यातलेच. उत्तेजन म्हणजे आधीच असलेल्या गुणाला धार लावणं. म्हणून स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस असतं, आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात वेदशास्त्रोत्तेजक सभा, वक्तृत्वोत्तेजक सभा, ग्रंथोत्तेजक संस्था ही नावं मानाने ठेवली गेली. आज ‘उत्तेजक’ म्हटलं की क्रीडापानावरची उत्तेजक चाचणी आठवते आणि ‘उत्तेजित’ म्हटलं की कामभावना. तेव्हा ‘मुलं सहलीसाठी उत्तेजित झाली’ हे वाक्य छापून जाता कामा नये.

इंग्रजी शब्दाची घडण निराळी आहे. लॅटिनमधल्या ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘कितारे’ म्हणजे हलवणं, चालना देणं. निजलेल्याला हलवून बाहेर काढावं, तसं हे क्रियापद. त्यात चांगलंवाईट काही नाही; ते ठरतं पुढच्या कर्मावरून. म्हणून आधी कर्म बघा, मग क्रियापद निवडा.

कुतूहल असेल तर चाळवतं. झोप चाळवते, भूक चाळवते, तसंच. संशय बळावतो. राग भडकतो, पित्त खवळतं. मत्सर पेटतो. मन हेलावतं, आनंद उचंबळून येतो. यातली प्रत्येक जोडी ठरलेली आहे: ‘कुतूहल भडकलं’ किंवा ‘दया पेटली’ असं कुणी बोलत नाही. आपली बरीचशी क्रियापदं चुलीवरून आणि पाण्यावरून आली आहेत. चेतवणं, पेटवणं, भडकवणं एका घरचं. उचंबळणं, हेलावणं दुसऱ्या. खवळणं तर समुद्रालाही चालतं नि भुकेलाही.

मुलांच्या वाक्याला नाम-विशेषण शोधूच नका. ‘मुलांना सहलीचे वेध लागलेत’ म्हणा. सहल उद्यावर आली असेल तर ‘कधी एकदा उजाडतंय असं झालंय मुलांना’.

दुसरं उत्तर

वर शब्दांचं आलंच आहे, वाक्यरचनेचं राहिलं. बहुतेक अनुवाद तिथेच फसतात.

इंग्रजीत चेतवणारा कर्ता असतो आणि भावना त्याचं कर्म: अमुक गोष्टीने माझी दया ‘एक्साइट’ केली. मराठीत भावना माणसाकडे येते. मला राग आला, तिला हेवा वाटला, त्याला गहिवरून आलं. अनुभवणारा ‘ला’ घेतो, भावना स्वतः कर्ता होते आणि कारण तृतीयेत जातं. म्हणजे ‘त्याच्या बोलण्याने माझ्यात संताप उत्तेजित केला’ नव्हे, ‘त्याच्या बोलण्याने मला संताप आला’.

चेतवणाऱ्याचा हेतू दाखवायचा असेल तेव्हाच प्रयोजक क्रियापद आणा. ‘लोक भडकले’ आणि ‘लोकांना भडकवलं’ यांत जबाबदारी कुणाची, हे एका ‘व’ने ठरतं. बातमी लिहिणाऱ्यांनी हा ‘व’ फार जपून वापरावा.

आणखी एक. विज्ञानात मात्र ‘उत्तेजित’ अचूक आहे, तिथे तो बदलू नये. हायड्रोजनच्या अणूला १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळाली की त्याचा इलेक्ट्रॉन पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जातो. ती उत्तेजित अवस्था, ‘हरखलेली’ नव्हे.

तिसरं उत्तर

तिसऱ्या वाक्याबद्दल, कारण तिथे या क्रियापदाने माणसं तुरुंगात गेली आहेत.

भारतीय दंडविधानाचं कलम १२४-अ १८७० मध्ये आलं. त्यात गुन्हा होता सरकारविरुद्ध ‘डिसअफेक्शन’ची भावना ‘एक्साइट’ करणं किंवा तसा प्रयत्न करणं. ‘डिसअफेक्शन’ला मराठीत ‘अप्रीती’ शब्द रूढ झाला. १८९७ मध्ये ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावरून टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. भावना थोडी चेतवली की फार, याने फरक पडत नाही. दंगा झाला की नाही, यानेही नाही. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी.

इथे ‘चिथावणी देणे’ वापरलंत तर अर्थाचा अनर्थ होईल. चिथावणी कृत्याची असते: मारहाणीची, दंग्याची, बंडाची. त्याला इंग्रजीत ‘इन्साइट’ हे वेगळं क्रियापद आहे. त्या खटल्याचा सारा अन्याय यातच होता की कुठल्याही कृत्याची चिथावणी सिद्ध करावी लागली नाही, नुसती भावना चेतवल्याचं पुरलं. म्हणून ‘अप्रीतीची भावना चेतवणे’ असंच लिहा. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतः बाजू मांडताना आपल्या मराठी लेखांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरातल्या चुका ज्युरीपुढे ठेवल्या होत्या, हेही अनुवादकाने ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ मध्ये ‘एक्साइट’ अजून आहे, पण कर्म बदललंय: फुटून निघणं, सशस्त्र बंड, उलथवून टाकण्याच्या कारवाया. या कृत्यांसाठी ‘चिथावणी देणे’ चपखल बसतं. त्याच कलमात पुढे फुटीरतेच्या भावनांना ‘एन्करेज’ करण्याचा उल्लेख आहे. तिथे ‘उत्तेजन देणे’ नि:शंक वापरा.

पुस्ती

‘इन्साइट’ देवनागरीत लिहाल तेव्हा सावध. चिथावणं आणि मर्मदृष्टी हे दोन्ही इंग्रजी शब्द आपल्याकडे सारखेच लिहिले जातात. उच्चारात पहिल्याचा आघात शेवटच्या अवयवावर पडतो, दुसऱ्याचा पहिल्या. लिपीत तो दिसत नाही. ‘नेत्याच्या इन्साइटमुळे’ यातून कौतुक वाचायचं की आरोप, हे वाचकाला कळणार नाही. त्या जागी मराठी शब्दच घाला.