बाळंतिणीचं रडणं: डॉक्टरकडं कधी पाठवायचं?

आशाताई, केज
आपल्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळंतिणी रडतात, घरचे म्हणतात, "होतंय असं." कोणत्या भेटीनंतर वाट बघू नये? अन् "उदासीवरची गोळी चालू केली की दूध तोडावं लागतं" म्हणतात, त्याचं काय?

समुपदेशक, अंबाजोगाई
सुरुवातीचं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. म्हणून १४ व्या दिवसाची भेट पक्की धरा. तेव्हाही उदास असेल तर एडिनबर्ग प्रश्नावली (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची) भरून घ्या: मागच्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १३ किंवा वर गेली की मानसोपचारतज्ज्ञांकडं. १० ते १२ असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज राहू द्या, त्याच दिवशी दाखवा.

सासूसमोर विचारू नका, सगळी उत्तरं "बरंय" अशीच येतील. अन् हे हमखास विचारा: लेकरू झोपल्यावर तरी तुला झोप लागते का? लेकरानं जागवणं वेगळं, ते झोपूनही डोळा न लागणं वेगळं. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडलं तरी असाच थकवा दिसतो.

मानसोपचार विभागातली सिस्टर
दूध तोडायची गरज बहुतेकदा नसते. पाजणाऱ्या आईला सहसा सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी देतात, ते दुधात फार कमी उतरतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशीच "फरक नाही" म्हणून सोडतात. बरं वाटलं तरी मनानं बंद करू नये, दुखणं उलटतं.

घाई करायची ती इथं: पहिल्या दोन आठवड्यांत झोप साफ उडाली, असंबद्ध बडबड, कानात आवाज, "हे लेकरू माझं नाही". ही सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा गंभीर मानसिक आजार, हजारात एक-दोघींना होते. घरचे "बाहेरचं" समजून अंगाऱ्यात दिवस घालवतात. लेकराला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, १०८ बोलवा.

आशाताई, केज
अन् ४२ दिवसांच्या आतच टोळीबरोबर ऊसतोडीला गेली तर?

समुपदेशक, अंबाजोगाई
निघायच्या आधी प्रश्नावली उरका. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून महिन्याच्या एकदम घ्या, चिठ्ठीचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ तिच्या अन् मुकादमाच्या फोनमध्ये टाका. रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.